नियत आणि कुलूप

आमच्या शाळेच्या संगणक कक्षात अकरा संगणक आहेत. त्यांतले आठ चालतात. उर्दू माध्यमाच्या शाळेत एवढे चालते संगणक असणे हेही नशीब समजून आम्ही त्यांची देखभाल करतो. आमचा मूळ विषय गणित. बी.एड.ला संगणकाचा एक पेपर होता, एवढ्या भांडवलावर कक्षाच्या किल्ल्या आमच्या हाती आल्या. पुढे जे काही शिकलो ते पुस्तकांतून, आणि त्याहून जास्त मुलांकडून.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. नववीतल्या एका मुलाने पायथन या भाषेत एक छोटा प्रोग्राम लिहिला. मुले काम करून उठतात आणि आपल्या फाइली तशाच टाकून जातात, त्याने संगणक भरून जातो. महिनाभर कोणी हात लावला नाही अशा फाइली शोधून पुसून टाकायच्या, एवढेच त्याच्या प्रोग्रामचे काम. आम्ही खूश झालो. शिक्षकांच्या संगणकावर, आमच्याच नावाने, आमच्याच पासवर्डने तो चालवायला दिला. त्याच फोल्डरच्या पोटात पहिल्या घटक चाचणीच्या गुणांची फाइल होती. तिला महिनाभर कोणी हात लावला नव्हता. ती गेली. कचऱ्याच्या डब्यातही सापडली नाही, कारण प्रोग्रामने पुसलेली फाइल त्या डब्यात जात नाही, थेट जाते.

पुढचे चार दिवस स्टाफरूममध्ये काय झाले ते विस्ताराने सांगण्यात अर्थ नाही. काही शिक्षकांकडे कागदावर नोंद होती, काहींना पेपर पुन्हा काढून बसावे लागले. "पोराच्या हाती दिलंच कशाला?" हा प्रश्न आम्ही प्रत्येक कपाबरोबर ऐकला. मुलगा आमच्याकडे आला, खाली मान घालून म्हणाला, "सर, जानबूझके नै किया मैंने." आम्ही म्हणालो, "मालूम है बेटा." आणि दुसऱ्या दिवशी आम्ही त्याचे खाते बंद केले. फक्त त्याचे. मधल्या सुट्टीत तो पुन्हा आला. या खेपेला मान खाली नव्हती. "मालूम है, तो फिर लॉक काय को मारे?"

या प्रश्नाचे उत्तर आमच्यापाशी नव्हते. तेव्हापासून जे वाचले, जे करून पाहिले, त्यातून जे काही हाती लागले ते या लेखात मांडतो आहोत. विषय संगणकाचा आहे, पण संगणकाशी ज्यांचा संबंध मोबाइलपुरता आहे त्यांनीही पान उलटू नये, कारण प्रश्न जुनाच आहे. ज्याच्या नियतीवर आपण शंका घेत नाही, त्याच्यावर कुलूप लावणे हा त्याचा अपमान आहे का?

आधी हे समजून घेऊ की परक्याने लिहिलेला प्रोग्राम आपल्या यंत्रावर चालवणे ही काही क्वचित घडणारी गोष्ट नाही. मोबाइलवर वर्तमानपत्र उघडले की त्या पानाबरोबर कोणी कुठे बसून लिहिलेला कोड येतो आणि आपल्या हातातल्या यंत्रावर चालतो. आपण त्याला बोलावलेले नसते, त्याच्या लेखकाचे नाव आपल्याला ठाऊक नसते. एका दिवसात असे कितीतरी परके आपण घरात घेतो आणि रात्री निवांत झोपतो. हे शक्य होते ते सँडबॉक्समुळे. लहान मुलांना खेळायला वाळूचा हौद करतात ना, तोच हा शब्द. हौदात किल्ले बांधा, पाडा, वाळू उधळा. वाळू हौदाबाहेर येत नाही. प्रोग्रामला असा हौद करून दिला की तो त्याच्या आत काहीही करो, घराच्या बाकीच्या खोल्यांना धक्का लागत नाही.

अशा परक्या कोडला इंग्रजीत 'अनट्रस्टेड' म्हणतात. घाईने भाषांतर करणारा याला मराठीत 'अविश्वासू' म्हणेल, उर्दूत 'नामोतबर' म्हणेल, आणि दोन्हीकडे घोटाळा करील. अविश्वासू म्हणजे ज्याने विश्वास मोडला किंवा जो मोडणार असे आपण गृहीत धरले. 'अनट्रस्टेड'चा अर्थ एवढाच, की याची पारख अजून झालेली नाही. बरोबर शब्द 'अजनबी' असावा. अजनबी वाईट नसतो. त्याच्याबद्दल आपण अजून काही जाणत नाही, इतकेच. स्टाफरूममध्ये त्या मुलाबद्दल जे बोलले गेले त्यात हे दोन शब्द एकमेकांत मिसळले होते, आणि आमच्याही मनात ते मिसळले नव्हते असे आम्ही छातीठोकपणे म्हणू शकत नाही.

परक्याला आत घ्यावे की नाही हे ठरवायच्या माणसाच्या दोन जुन्या रीती आहेत. पहिली, नाव विचारायचे. संगणकाच्या जगानेही ती करून पाहिली. १९९६च्या सुमारास मायक्रोसॉफ्टने ॲक्टिव्हएक्स नावाची सोय आणली. वेबच्या पानाबरोबर येणाऱ्या प्रोग्रामवर त्याच्या कर्त्याची डिजिटल सही असायची. सही पाहून तुम्ही 'हो' म्हटले की त्या प्रोग्रामला तुमच्या यंत्रावर तुम्हाला असतील तेवढे सगळे अधिकार मिळायचे. त्याच वर्षी एका प्रोग्रामरने सही करण्याचा रीतसर परवाना घेतला आणि स्वतःच्या नावाची सही असलेला असा प्रोग्राम ठेवला, की जो पान उघडताच विंडोज ९५ असलेला संगणक सरळ बंद करून टाकी. नाव खरे, सही खरी, कागदपत्रे चोख. सहीने 'हा कोण' एवढेच सांगितले होते. 'हा काय करील' हे सांगायचे काम तिचे नव्हतेच.

नाव विचारून ठरवण्याच्या रीतीची दुसरी बाजू आमच्या वाचकांना वेगळी सांगायला नको. भाड्याने घर शोधताना फोनवर नाव सांगितले की पलीकडचा आवाज कसा बदलतो, हे आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकले आहे. नाव ओळखीचे म्हणून ज्याला सगळे घर मोकळे, आणि नाव अनोळखी म्हणून ज्याला दार बंद, त्या दोघांबद्दलही घरमालकाला खरे काही कळलेले नसते. सुरक्षेच्या दृष्टीने ही रीत कच्ची आहे आणि न्यायाच्या दृष्टीनेही कच्ची आहे. दोन्ही कच्चेपणाचे मूळ एकच, हे आम्हाला फार उशिरा लक्षात आले.

दुसरी रीत नियत तपासण्याची. प्रोग्राम म्हणजे शेवटी लिहिलेला मजकूर. तो नीट वाचला तर त्याच्या पोटात काय आहे ते कळणार नाही का? कधीकधी कळते. पण प्रत्येक प्रोग्रामबद्दल अचूक कळेल अशी रीत असूच शकत नाही, हे गणिताने सिद्ध केले आहे. ॲलन ट्युरिंग यांनी १९३६ साली दाखवले की एखादे काम कधीतरी थांबेल की अनंतकाळ चालत राहील, हे प्रत्येक बाबतीत सांगणारी एकच यांत्रिक पद्धत असणे शक्य नाही. १९५३ साली हेन्री राइस यांनी ते आणखी रुंद केले: थांबणेच काय, प्रोग्रामच्या वर्तनाबद्दलचा कोणताही अर्थपूर्ण प्रश्न घ्या, सर्व प्रोग्रामांसाठी त्याचे हमखास उत्तर देणारी पद्धत नाही. गणित शिकवणाऱ्या आमच्यासारख्याला हा सिद्धान्त वाचून आनंद व्हायला हवा होता. झाली ती एक प्रकारची चक्रावलेली अवस्था. माणसाच्या दिलातले माणसाला कळत नाही, ते कळणारा वेगळा आहे, हे लहानपणापासून ऐकले होते. माणसानेच लिहिलेल्या दोन पानी मजकुराचेही तसेच असेल असे मात्र वाटले नव्हते.

शिवाय वाचायचा मजकूर तरी खरा आहे कशावरून? केन थॉम्प्सन यांनी ट्युरिंग पुरस्कार स्वीकारताना दिलेले व्याख्यान १९८४ साली छापले गेले. त्यात त्यांनी दाखवले की माणसाने लिहिलेल्या कोडचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा कंपायलरच जर कोणी बिघडवून ठेवला, तर स्वच्छ, निष्पाप कोडातूनही चोरदार असलेला प्रोग्राम तयार होतो, आणि मूळ मजकूर कितीही वाचला तरी त्यात ते दार दिसत नाही.

म्हणजे नावावरून कळत नाही आणि नियत वाचता येत नाही. उरते काय? हात. समोरच्याच्या मनात काय आहे हा प्रश्नच सोडून द्यायचा आणि त्याच्या हाताला काय लागू शकते एवढेच ठरवायचे. सँडबॉक्सचा सगळा विचार या एका वळणावर उभा आहे. १९९५ साली जाहीर झालेल्या जावा भाषेने तो घरोघरी नेला. वेबच्या पानाबरोबर येणाऱ्या जावाच्या छोट्या प्रोग्रामला, ज्याला ॲप्लेट म्हणत, यजमानाच्या फाइली वाचता येत नसत, लिहिता येत नसत, आणि ज्या संगणकावरून तो आला त्याच्याखेरीज दुसऱ्या कुणाशी बोलता येत नसे. तुम्ही कोण, कुठले, हेतू काय, काही विचारणे नाही. ओटीवर बसा, पाणी घ्या, तुमचे काम करा. माजघराचे दार सगळ्याच पाहुण्यांना बंद आहे.

आमच्या मुलाच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर इथे मिळाले. कुलूप नियतीला नसते, हाताला असते. चांगल्या नियतीचा हातही चुकतो. त्याचा प्रोग्राम दुष्ट नव्हता, फक्त त्याच्या हाताला लागायला नको ती फाइल लागली. आणि ती लागू दिली कोणी? आम्ही. आमच्या नावाने, आमच्या सगळ्या अधिकारांनिशी चालवायला देऊन. एखाद्या मुलाला साखर आणायला पाठवताना आपण त्याच्या हाती कपाटाची किल्ली देत नाही, मोजके पैसे देतो. यात त्याच्यावर बदगुमानी नसते. उंट बांधण्याची गोष्ट वाचकांना ठाऊकच आहे, ती पुन्हा सांगत नाही.

पण उरलेले निम्मे उत्तर अवघड आहे.

त्या प्रसंगानंतर आम्ही आमच्या परीने एक सँडबॉक्स करायला घेतला. मुलांचा पायथन प्रोग्राम चालवण्याआधी त्याचा मजकूर तपासायचा. त्यात फाइल उघडण्याची, बाहेरचे साधन मागवण्याची किंवा तसलीच कोणतीही आज्ञा दिसली की तो नाकारायचा. मनाई असलेल्या शब्दांची यादी आम्ही स्वतः केली. सतरा शब्द. आम्हाला ती फार पक्की वाटली. दहावीच्या एका मुलीने ती आठवड्यात मोडली, आणि यादीतला एकही शब्द न वापरता मोडली.

तिने काय केले ते सांगण्याजोगे आहे. पायथनमध्ये प्रत्येक वस्तूला आपले कुळ सांगता येते. तिने रिकाम्या कंसांची एक जोडी घेतली, ज्यात काहीच नाही अशी. तिला विचारले, तुझा वर्ग कोणता? त्या वर्गाला विचारले, तुझा मूळ पुरुष कोण? उत्तर आले, 'ऑब्जेक्ट', म्हणजे या भाषेतल्या सगळ्या वस्तूंचा आदिपुरुष. मग त्या आदिपुरुषाला म्हटले, तुझी सगळी लेकरे दाखव. शेकडो नावांचा शजरा पडद्यावर आला. त्यातल्या एका लेकराच्या खिशात संगणकाच्या मूळ व्यवस्थेची किल्ली होती. रिकाम्या कंसांपासून निघून ती मुलगी शजरा चढली, उतरली आणि आमच्या माजघरात येऊन उभी राहिली. हे तिने कुठेतरी वाचले होते, असे तिनेच प्रामाणिकपणे सांगितले.

या खड्ड्यात आमच्याआधी मोठे लोक पडले आहेत हे नंतर कळले, आणि खरे सांगायचे तर बरे वाटले. पायथनमध्ये परका कोड चालवण्यासाठी पूर्वी 'रेक्सेक' नावाचा अधिकृत भाग होता. भाषा वाढली, तिच्या वस्तूंना असे कुळ सांगता येऊ लागले, आणि त्या भागाला पडलेली भोके बुजवता येईनात. २००३ साली आलेल्या पायथन २.३मध्ये तो बंदच करण्यात आला. पुढे व्हिक्टर स्टिनर या पायथनच्या जाणत्या प्रोग्रामरने 'पायसँडबॉक्स' नावाचा प्रकल्प हाती घेतला. जवळजवळ तीन वर्षे भोके बुजवली. २०१३ साली त्यांनी स्वतःच जाहीर केले की याचा पायाच चुकला आहे. पायथनच्या आत सँडबॉक्स बांधण्यापेक्षा अख्खा पायथनच एखाद्या सँडबॉक्समध्ये ठेवा. आधीच इतरांनी हे सांगितले होते, पण स्वतः अनुभव घेईपर्यंत पटले नाही, हेही त्यांनी लपवले नाही. तीन वर्षांची मेहनत चारचौघांत रद्द ठरवणे सोपे नसते. आमच्या क्षेत्रात तर पाठ्यपुस्तकातली चूक मान्य करायलाही लोक दोन आवृत्त्या घेतात.

मनाईची यादी का हरते? कारण यादी करणाऱ्याला सगळी दारे आधी आठवावी लागतात, आणि आत आलेल्याला एकच न आठवलेले दार पुरते. साल्ट्झर आणि श्रोडर या दोघांनी १९७५ सालीच लिहून ठेवले होते, की काय करू नये याची यादी करू नका; मुळात काहीच देऊ नका आणि ज्या कामासाठी जे लागते तेवढेच हाती द्या. ब्राझीलमधल्या रिओ द जानेरो इथल्या विद्यापीठात १९९३ साली जन्मलेली लुआ नावाची छोटी भाषा या बाबतीत बरी. तिच्यात परक्या कोडला एक तक्ता द्यायचा. तक्त्यात जी नावे तेवढेच त्याचे जग. फाइल उघडण्याची आज्ञा तक्त्यात ठेवलीच नाही, तर ती मना करायचा प्रश्नच येत नाही. अर्थात तिथेही तक्त्यात काय ठेवतो ते डोळे उघडे ठेवून ठेवावे लागते.

'तेवढेच हाती द्या' या तीन शब्दांत किती खोल पाणी आहे, ते नॉर्म हार्डी यांनी १९८८ साली लिहिलेल्या एका हकिकतीत दिसते. टाइमशेअर नावाची कंपनी आपला मोठा संगणक अनेक गिऱ्हाइकांना वापरायला देई. त्यावरच्या कंपायलरला आपल्या कामाची आकडेवारी एका सरकारी, म्हणजे व्यवस्थेच्या, फोल्डरात लिहावी लागे. म्हणून त्याला त्या फोल्डरात लिहायची परवानगी होती. त्याच फोल्डरात गिऱ्हाइकांच्या बिलांची फाइलही होती. आता कंपायलर आणखी एक सेवा करी: गिऱ्हाईक जे नाव सांगेल त्या नावाच्या फाइलीत त्याच्यासाठी काही माहिती लिहून देई. एका गिऱ्हाइकाने नाव सांगितले ते बिलांच्या फाइलीचे. स्वतः गिऱ्हाइकाला तिथे लिहायची परवानगी नव्हती. पण लिहिणारा कंपायलर होता, आणि त्याला होती. बिलांची माहिती पुसली गेली.

यात गुन्हेगार कोण? कंपायलर बेइमान नव्हता, त्याने सांगितलेले काम केले. गिऱ्हाइकाने फक्त एक नाव उच्चारले. हार्डी यांनी अशा नोकराला 'गोंधळलेला मुनीम' म्हणावे अशा अर्थाचे नाव दिले आहे. त्याच्या एका हातात मालकाची परवानगी, दुसऱ्या हातात गिऱ्हाइकाचा हुकूम, आणि कोणते काम कोणाच्या जोरावर करतो आहे हे त्याचे त्यालाच ठाऊक नाही. उपाय असा, की गिऱ्हाइकाने नाव सांगूच नये, स्वतःच्या अधिकारातली उघडी वहीच मुनिमाच्या हाती ठेवावी. ज्याला वही देता येत नाही, त्याला तीत लिहवूनही घेता येणार नाही. वस्तू आणि तिचा अधिकार एकाच हाताने दिले गेले पाहिजेत. आपल्याकडे यालाच अमानत सोपवणे म्हणतात. अमानत नावाने सोपवली जात नाही, हातात दिली जाते.

हे वाचताना आम्हाला त्या दिवशीचे आमचे रूप दिसले. तो मुलगा आमच्या नावाने चालला. त्याच्या प्रोग्रामने 'पुस' म्हटले ते आमच्या अधिकाराच्या जोरावर. गोंधळलेला मुनीम तो नव्हता, आम्ही होतो.

सँडबॉक्सच्या बाजूने इतके बोलल्यावर त्याची किंमतही सांगितली पाहिजे. ती बहुधा प्रामाणिक माणूसच भरतो. लिनक्स या प्रणालीच्या गाभ्यात छोटे प्रोग्राम चालवण्याची ईबीपीएफ नावाची सोय २०१४ पासून आहे. आत घेण्याआधी एक तपासनीस प्रत्येक प्रोग्राम तपासतो, आणि तो नक्की थांबेल असे सिद्ध करता आले नाही तर परत पाठवतो. ट्युरिंग यांचा सिद्धान्त पाहता, असे कितीतरी प्रोग्राम परत जाणार जे खरोखर निर्दोष आहेत. सुरुवातीला तर त्यात लूप, म्हणजे एकच काम फिरून फिरून करण्याची आज्ञा, चालतच नसे. तपासनीस हळूहळू हुशार केला गेला आणि २०१९मध्ये ठरावीक फेऱ्यांचे लूप चालू लागले. पाच वर्षे. निर्दोष परत जातात हे मान्य करणे वेगळे, आणि ते कमी जावेत म्हणून पाच वर्षे राबणे वेगळे. दारावर बसणाऱ्या प्रत्येकाने, मग ते दार कशाचेही असो, या दुसऱ्या गोष्टीचा हिशेब द्यायला हवा असे आम्हाला वाटते.

एवढे करूनही पेटी पक्की राहतेच असे नाही. फाइली राखल्या तरी कोणी अखंड फिरणारा लूप लावून बसला तर यंत्राचा वेळ खातो. म्हणून वेळेलाही मर्यादा घालावी लागते. जानेवारी २०१८मध्ये 'स्पेक्टर' नावाचा दोष जाहीर झाला. प्रोसेसर पुढचे काम अंदाजाने आधीच करून ठेवतो, अंदाज चुकला तर ते टाकून देतो, पण त्याच्या खुणा मागे राहतात. एखाद्या गोष्टीला किती वेळ लागला हे बारकाईने मोजून, सँडबॉक्समधला कोड भिंतीपलीकडचे वाचू शके. तातडीचा उपाय म्हणून ब्राउझर बनवणाऱ्यांनी परक्या कोडला दिसणारे घड्याळच मुद्दाम जाडेभरडे केले. पाहुण्याला घड्याळसुद्धा नीट पाहू द्यायचे नाही, इथवर गोष्ट आली.

आणि नियम फार बारीक केले तर माणूस ते पाळत नाही, त्यावर डोळे मिटून सही करतो. जावाने १९९८ साली कोणत्या कोडला काय द्यायचे याचे अतिशय तपशीलवार नियम लिहिण्याची सोय दिली. ते लिहिणे इतके किचकट की फार थोड्यांनी वापरले. २०२१ साली ती व्यवस्था मोडीत काढायचे जाहीर झाले आणि मार्च २०२५च्या जावा २४मध्ये ती कायमची बंद झाली. ॲप्लेट तर त्याआधीच गेले होते.

आता पुन्हा त्या मुलाकडे येऊ. सँडबॉक्समध्ये न्याय आहे तो एका गोष्टीमुळे: तो सगळ्यांना सारखा आहे आणि पाहुणा यायच्या आधीपासून आहे. आम्ही केले ते याच्या उलट. सगळ्यांना मोकळे सोडले होते, आणि ज्याच्या हातून चूक झाली त्या एकट्याला कुलूप लावले. कुलूप एकट्याला लागले की ते हाताचे राहत नाही, नावाचे होते. तोंडाने 'मालूम है' म्हटले तरी काय फरक पडतो? त्याला ते कळले होते, आम्हाला कळले नव्हते.

आणखी एक खटकते. कोडला वाईट वाटत नाही. त्याला जन्मभर पेटीत ठेवा, त्याची तक्रार नाही. मुलाचे तसे नाही. मुलावर त्याच्या लायकीपेक्षा थोडा जास्त विश्वास टाकला तरच तो त्या विश्वासाएवढा होतो, हे वर्गात उभे राहणाऱ्या प्रत्येकाने पाहिले आहे. साखर आणायला कायम मोजकेच पैसे देत राहिलो तर हिशेब करायला तो शिकेल कधी? प्रोग्रामला 'कमीत कमी अधिकार' हा नियम उत्तम आहे. मुलाला तो तसाच लावणारा शिक्षक सुरक्षित राहील, पण शिक्षक राहील का, याची आम्हाला खात्री नाही. त्याचा प्रोग्राम पेटीत ठेवावा आणि त्याला बाहेर ठेवावे, हे म्हणायला सोपे आहे. पेटीची भिंत नेमकी या दोघांच्या मधून न्यायची कशी, ते आम्ही अजून शिकतो आहोत.

गेल्या वर्षी आम्ही कक्षाची रचना बदलली. सतरा शब्दांची यादी काढून टाकली. आता मुलांचा पायथन ब्राउझरमधल्या एका पानातच चालतो. आपणहून संगणकाच्या फाइलींना त्याचा हात पोहोचत नाही, आणि पान बंद केले की खेळ संपला. कोणाचेही खाते बंद नाही. तो मुलगा तेव्हा दहावीत होता. पुष्कळ दिवस तो कक्षाकडे फिरकला नाही. एका शनिवारी आला, सगळे पाहिले, आणि शिक्षकांच्या संगणकाकडे बोट दाखवून विचारले, "और आप का वाला? वो भी इसी में चलता?"

आमचा वाला म्हणजे गुणांची बेरीज करून निकालपत्रक काढणारा प्रोग्राम. आमचाच लिहिलेला. तो बाहेरच चालत होता, पूर्वीसारखाच, सगळ्या अधिकारांनिशी. मुलांच्या कोडला पेटी, आणि आमचा कोड आमच्या ओळखीचा म्हणून मोकळा. आम्ही खरे ते सांगितले. तो काही बोलला नाही. खुर्ची ओढून बसला.

त्या कामाला दोन शनिवार गेले. निकालाच्या प्रोग्रामसाठी वेगळे खाते केले. त्याला गुणांची एक फाइल फक्त वाचायला दिली, निकालाचे एक फोल्डर फक्त लिहायला दिले, आणि इंटरनेट काढून घेतले. मुलगा शेजारी बसून प्रत्येक परवानगीवर बोट ठेवत होता. शेवटी यादीत एकच गोष्ट उरली.

"सर, इसको प्रिंटर काय को होना?"

आम्ही विचार केला. निकाल छापायचे काम तर आम्ही हातानेच करतो. प्रिंटर काढून टाकला.